बार्नबीची फुंकर

आमच्या भागात टीव्हीवरच्या गाढवाने फुंकर मारल्याशिवाय मुलांचं वय वाढत नसे. भाग म्हणजे इंग्लंडचा नैऋत्य किनारा. माझे यजमान तिथे डॉक्टर होते. संध्याकाळी चहाच्या वेळी मिस्टर पेंगली नावाचे गृहस्थ टीव्हीवर वाढदिवस असलेल्या मुलाचं नाव घ्यायचे. शेजारी बसलेलं बार्नबी नावाचं कापडी गाढव केकवरच्या मेणबत्त्या विझवायचं. आणि ते मूल आपल्या घरी, सोफ्यावर बसल्या बसल्या, वर्षाने मोठं व्हायचं. शेजारची जेनेट पाच वर्षांची झाली तेव्हा मी तिथेच होते. तिचा फ्रॉक गुडघ्यावरून वर सरकताना मी पाहिला.

आमच्या उदयनचा पाचवा वाढदिवस आला तेव्हा मी टीव्ही केंद्राला फोन केला.

"मुलाचं नाव जरूर घ्या, पण मेणबत्त्या विझवू नका. आमच्यात वाढदिवसाला ज्योत लावून ओवाळतात. फुंकून घालवत नाहीत, आणि गाढवाकडून तर नाहीच नाही."

"अगं, इथली पद्धत आहे ती," हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले.

"असू दे. माझ्या लेकाच्या वाढदिवशी अंधार नको."

फोनवरची बाई भली होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

संध्याकाळी मिस्टर पेंगलींनी उदयनचं नाव घेतलं. केकवर पाच मेणबत्त्या पेटल्या. बार्नबीने तोंड उघडलं, पडद्यातून माझ्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. कार्यक्रम संपलाच नाही. शेजारी जेनेटकडे तो वेळेवर संपून बातम्या लागल्या, पुढेही इतर घरांत तो रोज नेहमीसारखाच होत राहिला; आमच्या टीव्हीत मात्र मिस्टर पेंगली टेबलावर हात ठेवून बसून राहिले.

"तुम्ही म्हणाल तेव्हा, मिसेस टिपणीस," ते म्हणाले. "आम्हाला घाई नाही."

टीव्ही बंद होईना. उदयन चार वर्षांचाच राहिला.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी पोळ्या करत असताना तो पदर धरून उभा राहायचा आणि तूपसाखरेच्या पोळीसाठी आ करायचा. बायका म्हणतात, पोरं बघता बघता मोठी होतात. माझं होत नव्हतं. माझ्याएवढी भाग्यवान आई त्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती.

केकवर मात्र दरवर्षी एक मेणबत्ती आपली आपण उगवायची. हळूहळू खोली इतकी उबदार झाली की थंडीतही हीटर लावावा लागेना. टीव्हीची काच सायीसारखी मऊ झाली. मग मी त्यातून वाट्या आत देऊ लागले, कारण माणसं उपाशी बसवून ठेवणं आमच्या घराण्यात नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणणाऱ्याने बार्नबीला गूळपोळी वाढलेली नसणार. टेबलाखाली आणखी कुणीतरी होतं, ज्याचा हात बार्नबीच्या आत होता. तिसरी वाटी खाली जायची आणि घासूनपुसून परत यायची.

जेनेट रोज खेळायला यायची. आधी ती उदयनच्या शेजारी मांडी घालून बसायची. पुढे त्याच्याशी बोलायला वाकावं लागू लागलं. एक दिवस ती नर्सच्या कपड्यांत आली, दुसऱ्या गावी नोकरी लागली म्हणाली, आणि त्याच्या गालाला हात लावून निघून गेली. उदयन दाराशी उभा राहिला. त्या दिवशी त्याने पोळी मागितली नाही.

"आई, माझा नंबर कधी?"

मी काही बोलणार तेवढ्यात करपल्याचा वास आला. केकवर आता बोटभरही जागा नव्हती. मिस्टर पेंगलींची बाही पेटली होती. ती त्यांनी तळहाताने विझवली. त्यांचे केस कधीच पांढरे झाले होते. बार्नबीचा एक कान काळा पडला होता.

"काही नाही, मिसेस टिपणीस," ते म्हणाले. "सावकाश होऊ द्या."

एवढ्या वर्षांत त्या माणसाने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. मी काचेजवळ गेले.

"आता फुंकर मारली तर किती वाढेल तो?"

"राहिलंय तेवढं. एकदम."

मी उदयनकडे पाहिलं. "चालेल का रे?"

"तू इथेच थांबशील ना?"

"थांबेन."

मी पाट मांडला. त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजनाने ओवाळलं. मग हात काचेतून आत घातला आणि मिस्टर पेंगलींना ओवाळलं. बार्नबीला दोन कानांच्या मधोमध कुंकू लावलं. टेबलाखालून एक मनगट वर आलं, त्यावरही टिळा लावला.

"तुमचे उपकार मी कशी फेडू?" मी म्हणाले. "माझं मूल तुम्ही मला मन भरेपर्यंत दिलंत."

मिस्टर पेंगलींनी मान खाली घातली. बोलला तो बार्नबी. इतकी वर्षं आमच्या घरात राहून त्याला मराठी येऊ लागलं होतं.

"वहिनी, एवढ्या मेणबत्त्यांना माझी एकट्याची फुंकर पुरायची नाही. तुम्ही पण या."

मी जन्मात कधी ज्योत फुंकली नव्हती. पेटतं निरांजन पाटासमोर ठेवलं आणि काचेत वाकले. उदयनने मागून पदर धरला, नेहमीसारखा, गुडघ्याजवळ. बार्नबीने श्वास घेतला. मीही घेतला.

पडद्यावर धूर झाला. त्यापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी कोट झटकला, कुणीतरी टेबलाखालून कण्हत उठलं. "शुभ रात्री, मिसेस टिपणीस," असं लांबून ऐकू आलं, आणि टीव्ही बंद झाला.

मी वळले नाही. मागे निरांजन तेवत होतं. पदर धरलेली मूठ गुडघ्याजवळून सुटली नाही, ती वर सरकू लागली. कमरेशी आली, खांद्याशी आली, खांद्याच्याही वर गेली.