पॉलचं रक्त, प्रितेशचं नाव

प्रितेशच्या घरात गणपतीच्या तसबिरीशेजारी रक्तदानाचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं. खाली ठळक अक्षरांत रक्तगट : एबी. त्याची आई पुतळाबाई आल्यागेल्याला ते कौतुकाने दाखवायची. आता खरं सांगायचं तर त्या रक्तातला एक थेंबही प्रितेशचा नव्हता. वालीवच्या कारखान्यात शिबिर लागलं तेव्हा हा सुपरवायझर "घाबरता काय रे, मुंगी चावल्यागत होतं!" म्हणत सगळीकडे मिरवला, आणि स्वतःची पाळी आल्यावर सुई बघूनच त्याचे पाय लटपटले. शेवटी पापडी गावचा कामगार पॉल बिचारा ह्याच्या नावाने खाटेवर आडवा झाला. "मला कागद नको रे, घरी सहा पडलेत," म्हणाला.

दोन वर्षांनी प्रितेशला मुलगा झाला. बारशाला जयवंती आत्या आली, सोबत तिची अश्लेषा, बारावी सायन्सची. नाकापेक्षा मोती जड! तिने बाळाची दवाखान्यातली फाईल उघडली, मग भिंतीकडे बघितलं.

"अय्या! वहिनी बी, दादा एबी, मग बाळ ओ कसं?"

"म्हंजे?" पुतळाबाईंनी विचारलं.

"मामी, प्रत्येकाकडे रक्तगटाचे दोन वाटे असतात. मुलाला आईचा एक मिळतो, बापाचा एक. बाळ ओ व्हायचं तर दोघांकडूनही ओच यायला हवा. वहिनीच्या बीमागे ओ लपलेला असेल, पण दादाकडे तर एक ए आणि एक बी. ओ देणार कुठून? परवाच शिकवलंय आम्हाला."

घुगऱ्या खाणाऱ्यांची तोंडं थांबली. "कलियुग आहे गो वहिनी," जयवंती आत्या म्हणाली आणि पदर सावरून बसली.

तोंड उघडायचं ते प्रितेशने तिथेच उघडायला हवं होतं. पण सुईला भ्यालो हे चारचौघांत सांगायचं? कारखान्यात कळलं तर उद्यापासून हेल्परसुद्धा दात काढतील! तो घुगऱ्या चावत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून पुतळाबाई सुनेचं ताट न बोलता दाराशी ठेवू लागल्या. बाळाला तेल लावायच्या, पण त्याच्या नाकाकडे निरखून बघायच्या. रचनाने रडत नवऱ्याला विचारलं, "तुम्हालाही तसंच वाटतं का?"

"छे गं! दवाखान्याची चूक असेल," तो म्हणाला. मेल्याला लाज वाटली. पण बोलला नाही तो नाहीच.

चौथ्या दिवशी त्याचे वडील, श्रीपत, धोतर सावरत उठले. "बाळाला परत टोचून घेऊ. काय तं एकदाचं कळू दे. मी कोनाचं आयकनार नाय."

सगळे लॅबमध्ये गेले. बाळ रचनाच्या मांडीवर गाढ झोपलेलं. लॅबवाल्याने त्याची इवलीशी टाच पुसली, सुई काढली, आणि प्रितेश ओरडला, "थांबा! त्याला नको, मला टोचा!"

"तुला कशाला? तुझं भिंतीवर लिवलंय नं," श्रीपत म्हणाले.

"ते पॉलचं आहे, बाबा." आणि मग एका दमात सगळं बाहेर आलं. मुंगी, लटपटलेले पाय, पॉल, सगळं.

श्रीपत कपाळाला हात लावून बसले. "आनि मी गावभर सांगत सुटलो, माझा पोरगा रक्त देतो म्हनून!"

लॅबवाल्याने हसू दाबत प्रितेशचं बोट धरलं. सुई टेकली मात्र, सुपरवायझरसाहेब बाकावर आडवे. शुद्धीवर आले तेव्हा कागद तयार होता. रक्तगट ओ.

श्रीपत घसा खाकरून सुनेकडे वळले. "पोरी, चुकलं आमचं. तुझ्या सासूला मी सांगतो." डोळे पुसत ते बाहेर गेले.

रचनाने बाळाचं दुपटं नीट केलं. मग तिने विचारलं, "अहो, सुईला किती वेळ लागला?"

"दोन सेकंद," प्रितेश पुटपुटला.

"दोन सेकंद. आणि मी चार दिवस रडले."

त्याने बाळाला घ्यायला हात पुढे केले. तिने बाळ दिलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात ह्याचा लशीचा डोस आहे. मग त्याच्या पुढच्या महिन्यात. मग परत. शाळेत जाईपर्यंत चालतं ते. प्रत्येक वेळी मांडीवर घेऊन तुम्ही बसायचं. आणि डोळे उघडे ठेवायचे."

"बसेन," प्रितेश म्हणाला, आणि आत्तापासूनच त्याला दरदरून घाम फुटला.