मंगळावरची बातमी

नरसिंगरावांनी स्वतःचीच कादंबरी तिसऱ्यांदा उघडली आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. "दोरी तुटली. चंपतराव काळोखात लांब लांब जात राहिला आणि काचेतून पाहणाऱ्यांना शेवटी ठिपक्याएवढाही दिसेना." शंकेला जागा नव्हती. तरी त्यांनी पान उलटून पाहिलं. मागे केसांच्या तेलाची जाहिरात होती.

समोर एक पत्र पडलं होतं. बाजारहत्नूरच्या जयवंताबाईंनी ते गावच्या वामनराव मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. 'दोन्ही पुस्तकं सुनेनं वाचून दाखवली. चंपतरावाला दोरी धरून आत ओढलं तवा माझ्या जिवात जीव आला. त्याचा ताप उतरला का? तिसरं पुस्तक कधी येते?'

कुणी ओढलं? कसला ताप? नरसिंगराव चक्रावून गेले. नागपूरच्या छापखान्यानं दुसऱ्या आवृत्तीत शेवट परस्पर बदलला की काय? की आपणच कधीतरी असं लिहिलं होतं आणि विसरलो?

ते आदिलाबादच्या कचेरीत कारकून होते. साल छप्पन. एक नोव्हेंबरपासून किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात जायचे होते, आणि बाकीचा जिल्हा आंध्रात. दिवसभर ते जाणाऱ्या आणि राहणाऱ्या गावांच्या याद्या करत आणि सकाळी दोन तास मंगळाकडे निघालेल्या यानाची गोष्ट लिहीत. तिसरा भाग चौथ्या पानापुढे सरकत नव्हता, आणि त्यात दोष त्यांचाच होता. यानाचं यंत्र फक्त चंपतरावाला कळत होतं. वाचकांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून त्यांनी त्यालाच मारलं होतं. आता उरलेली चार माणसं बंद यंत्र घेऊन मंगळाभोवती नुसत्या घिरट्या घालत होती.

पत्रातला चंपतराव जिवंत होता. तो खरा धरला तर यान उद्या चालू झालं असतं. रविवारी नरसिंगराव बसनं आणि पुढे बैलगाडीनं बाजारहत्नूरला गेले.

जयवंताबाई ओसरीवर कापूस निवडत होत्या. नाव सांगताच त्यांनी हातातलं बोंड खाली ठेवलं.

"पुस्तकवाले? तुमी सोता आले? रेणुका, पाणी आण वो!"

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली सून दारातच थबकली. तिशीतली, कपाळाला ठसठशीत कुंकू. पत्र गेल्याचं तिला ठाऊक नसावं. तिनं नरसिंगरावांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मले एवढंच सांगा," जयवंताबाई म्हणाल्या, "चंपतराव घरी कधी येते?"

नरसिंगराव पाणी प्याले. बरंच पाणी प्याले.

"लिहिणं चालू आहे," ते म्हणाले.

"लिवा, लिवा. माहा लेक माणिक बी असाच गेला. अठ्ठेचाळीसच्या रझाकारांच्या गडबडीत, सरहद्दीवरच्या कॅम्पात. येतो म्हनून गेला. येईनच तो. म्हनून म्या घराले कधी कुलूप लावलं नाई."

परतताना रेणुकाबाई गाडीपर्यंत आल्या. नरसिंगरावांनी विचारायच्या आधीच त्या बोलल्या.

"तुमचा शेवट मले वाचता नाई आला. आत्याबाई माह्या तोंडाकडे पाहून राह्यल्या होत्या. मंग मीच ओढलं त्याले आत."

"माणिकरावांची काही बातमी?"

त्यांनी गाडीच्या चाकावर हात ठेवला. "पैनगंगा उतरताना गोळी लागली. नदीनं नेलं. सोबतचा माणूस त्याच साली येऊन मले सांगून गेला. आत्याबाईले सांगतो, सांगतो म्हनता आठ वर्सं गेली." त्यांनी कपाळाला हात लावला, जणू कुंकू अजून आहे की नाही ते पाहत होत्या. "मी मराठी सातवी पास हावो. किनवट तालुक्यात शाळेवर नेमणूक आली आहे. पंधरा दिवसांत रुजू व्हा लागते. आत्याबाईले घेऊन जातो म्हटलं, तर त्या उंबरा सोडत नाई. माणिक आला तर कोनाच्या घरी जाईन म्हन्तात."

"मग मी काय करू? चंपतरावाला परत आणू?"

"नका आणू." त्या एकदम म्हणाल्या. "तुमी आणला, तर मले हे जन्मभर वाचत राहा लागीन."

घरी येऊन नरसिंगरावांनी तरीही त्याला आणलं. दोन सकाळी त्यांनी जिवंत चंपतराव लिहिला. यंत्र सुरू झालं, दोन बैठकांत अकरा पानं झाली, अशी पानं त्यांना वर्षभरात सुचली नव्हती. बाराव्यावर ते थांबले. कचेरीत त्या दिवशी त्यांनी एका गावाचं नाव दोन्ही याद्यांत लिहिलं आणि पेशकारांची बोलणी खाल्ली.

मारावा तर जयवंताबाईंनी ऐकलेली गोष्ट खोटी पडत होती. जगवावा तर छापलेली. एका माणसाला दोन्हीकडे कसं ठेवायचं, हे त्यांना कळेना. सुपारी कातरता कातरता त्यांचा हात थांबला, आणि ती तशीच टाकून त्यांनी अकरा पानं बाजूला सारून नवा कागद ओढला.

पुढच्या रविवारी ते पुन्हा बाजारहत्नूरला गेले. पुस्तक छापून यायला अवकाश होता, म्हणून त्यांनी हातानं लिहिलेलेच कागद नेले होते. दुपार होती. जयवंताबाई खांबाला टेकून बसल्या. रेणुकाबाई दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

नरसिंगरावांनी वाचायला सुरुवात केली.

"'यानातून पृथ्वीवर बिनतारी संदेश गेला होता की चंपतराव वाचला, त्याला आत ओढलं, त्याला थोडा ताप आहे. तो संदेश खोटा होता. त्याची आई खाली वाट पाहत होती, आणि खरं सांगायचं धैर्य चौघांपैकी एकालाही झालं नाही. दोरी तुटली त्याच दिवशी चंपतराव गेला होता.'"

ते वाचत राहिले. चौघं त्याचा सदरा घडी करून ठेवतात. चौघांतली एक मुलगी त्याची टिपणवही उघडते आणि यंत्राचे भाग एकेक करून शिकू लागते. पान संपलं. कापसाच्या ढिगाऱ्यात एक कोंबडी शिरली होती, तिला कुणी हाकललं नाही.

"खोटं काऊन सांगितलं त्याइनं?" जयवंताबाईंनी विचारलं.

"सांगवलं नाही त्यांच्यानं."

"हं."

त्या हाताच्या तळव्याकडे पाहत राहिल्या. बोंडांच्या टरफलांनी तो जागोजागी ओरखडला होता. मग मान न उचलताच त्यांनी विचारलं, "किती दिस झाले याले?"

नरसिंगरावांनी कागद चाळले. गोष्टीत तीन महिने झाले होते. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"आठ वर्सं झाली, आत्याबाई," दारातून रेणुकाबाई म्हणाल्या.

नरसिंगरावांनी कागद मिटले. आपण काय वाचलं आणि काय ऐकलं गेलं, याचा त्यांना नीट मेळ लागेना. जयवंताबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग खांबाचा आधार घेत त्या उठल्या, आणि पदर खांद्यावरून काढून कमरेला खोचला.

"पाणी काढ, रेणुका," त्या म्हणाल्या. "दोघींचं काढ. माणिकच्या नावानं अंगावरून पाणी घ्या लागते."