उकिरड्याखालचं पेव

मी एक पेव आहे. मुरुमजवळच्या एका गावात, गुरुसिद्धप्पाच्या आवारात, जमिनीखाली खोदलेलं. तोंड एका माणसापुरतं आणि पोट घागरीसारखं. आज माझ्यात ज्वारीचा एक दाणाही नाही, तरी मला मळमळतं.

मला खोदवलं गुरुसिद्धप्पाच्या वडिलांनी, शरणबसप्पांनी. कडब्याचं अस्तर लावून ते माझ्यात ज्वारी भरत, तोंडावर शिळा ठेवून माती लिंपत. कोंडलेल्या ज्वारीमुळं आतली हवा विषारी होते. म्हणून शिळा काढली की एक दिवस मला तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा आणि तो विझला नाही तरच माणसानं उतरायचं, अशी रीत होती. त्या दिवसभरात माझा आंबूस वास गावभर जाई. ज्याच्या घरचे दाणे संपलेले असत, तो टोपली घेऊन येई. "वास समद्यांच्या नाकात गेलाय, आता न्हाय कसं म्हणू?" असं म्हणून शरणबसप्पा हसत आणि सूपभर तरी ज्वारी घालत.

ते वारले. पुढं विलायतेकडं मोठी लढाई लागली. आमच्या शिवारात एक गोळी पडली नाही. पण दुकानातलं घासलेट गेलं, कापड गेलं, आणि निजाम सरकारची माणसं लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या वसुलीची, ज्वारी न्यायला दारात आली. गुरुसिद्धप्पानं मला निम्म्याच्या वर भरलं आणि भाव चढेपर्यंत ज्वारी लपून राहावी म्हणून माझ्या तोंडावर उकिरडा रचला. वर शेण, खाली अन्न. पावसात ती घाण माझ्या अंगात झिरपायची.

सोलापूरहून कुणी आलं की तो विचारी, "लढाई मिटायची बातमी न्हाय न्हवं?"

नाही म्हटलं की हात जोडी. "महादेवा, आनिक दोन सुग्या चालू दे."

दूरदेशी माणसं मरत राहावीत म्हणून देवाला हात जोडणारा हा माणूस! मला त्याची किळस आली. आणि इकडं गाव तरोट्याचा पाला उकडून खात होतं.

कोंडीराम हा माझ्यात दर वर्षी उतरणारा गडी. त्याची बायको सारजाबाई पोटुशी, घरात दाणा नाही. गुरुसिद्धप्पानं त्याला एक पोतं ज्वारी कबूल केली आणि मुरुमच्या बाजाराचा दिवस गाठला. गाव रिकामं होतं. नळदुर्गच्या रस्त्यावर, निजामाच्या हद्दीबाहेर माल नेणारी मोटार थांबली होती. भरदुपारी दोघांनी उकिरडा उपसला, शिळा सरकवली.

"मालक, उद्यापस्तोर ऱ्हाऊ द्या की उघडं. न्हायतर कंदील तरी सोडू."

"घासलेट काय तुझा सासरा धाडतोय? आन् उघडं ठिवलं तर वासानं गाव टोपल्या घिऊन हुभं ऱ्हाईल."

"थोरलं मालक म्हनले असते, ऱ्हाऊ दे हुभं."

"थोरलं गेलं. तुला पोतं पायजे का न्हाय?"

कोंडीराम रिकामं पोतं कमरेला खोवत म्हणाला, "सारजेला सांगून आलोय, जातं पुसून ठिव म्हून." आणि उतरला.

ज्वारीवर पाय टेकले, एकदा "मालक" म्हणाला आणि पालथा पडला. मला हात असते तर त्याला वर ढकललं असतं. मला नुसतं पोट आहे.

गुरुसिद्धप्पा वाकला. "कोंड्या... ए कोंड्या." हाक हळू, शेजारी ऐकू जाऊ नये अशी. उत्तर आलं नाही, तेव्हा तो शिळा परत सरकवू लागला.

पण वास सुटला होता. टोपली घेऊन सारजाबाई दारात उभी होती, तोंडभर हसत. "पेव उघडलं व्हय, मालक? आन् आमचं मानूस कुठंय?"

तिची किंकाळी ऐकून बाजारातून परतणारे लोक धावले. त्यांनी गळ टाकून कोंडीरामला वर काढलं. त्याच्यावर घालायला दुकानात हातभर कापड नव्हतं. जे पोतं तो भरून नेणार होता, त्यातच त्याला गुंडाळलं. ज्वारी लोकांनी वाटून नेली. कुणीतरी सारजाबाईची टोपलीही भरून तिच्या दारात ठेवली. तिनं ती ज्वारी दळली. पोटात पोर होतं.

पुढं लढाई संपली, निजामही गेला. गुरुसिद्धप्पाला अजून मालक म्हणतात, आणि माझ्यावर त्यानं पुन्हा उकिरडा रचलाय. माझ्याच पोटातल्या हवेची मला शिसारी येते.

बाबांनो, मला बुजवून टाका. पण आधी शिळा काढा आणि एक दिवस माझं तोंड उघडं ठेवा. वास गावभर जाऊ द्या.