मिठाच्या खिडकीला लागलेले कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. मला गज नाहीत, पडदा नाही. मी पाणीपुरीच्या पुरीएवढी गोल आहे. मात्र पाणी मला चालत नाही, कारण मी मिठाची आहे. खाण्याच्या मिठाची नव्हे, पण त्याच्याच नात्यातल्या एका क्षाराची.

पनवेलच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मला पोलादी पेटीवर बसवले. पेटीत लेझरचा फटका धातूच्या कांडीवर बसे, वाफ उडे आणि तिच्यातून अणूंचे इवले झुबके जमत: टायटॅनियमचे दोन, निकेलचा एक, ऑक्सिजनचे चार. खारघरच्या सोसायटीसारखी मिश्र वस्ती; फक्त भांडायला वेळ नसे, कारण पापणी लवायच्या आत झुबका नाहीसा होई. तेवढ्यात दुसऱ्या लेझरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण माझ्यातून आत शिरे. कोणत्या किरणाला झुबका थरथरतो, त्यावरून आत कोणी कोणाचा हात धरला आहे ते कळे. साधी काच तो किरण अडवते, मी जाऊ देते. एवढाच माझा मोठेपणा.

पाहुणे येत, लेझरबरोबर फोटो काढत. मी नसल्यासारखी असणे, हीच माझी गुणवत्ता. शेजारी पाटी होती: ‘हात लावू नये. जवळ श्वास सोडू नये.’ इतका मान फारच थोड्यांना मिळतो. वर्षानुवर्षे मला कोणी शिवले नाही.

मग खंडेनवमी आली. प्रयोगशाळेत नव्यानेच कामाला लागलेल्या सुदामने सगळ्या यंत्रांची पूजा केली आणि ओल्या बोटाने मलाही कुंकू लावले.

“सुदामदादा, हे काय केलंत!” संशोधन करणारी चारुता ओरडली.

“समद्या मशिनींना लावला मॅडम. हिलाच कशी वगळू?”

“अहो, ती मिठाची आहे!”

“मिठाची? मंग आदी नाय सांगायचा?”

कुंकवाखाली मी थोडी विरघळून धूसर झाले होते; किरण नीट आत जाईना. अवरक्त किरणाचा लेझर उसना होता, आठ दिवसांनी पुण्याला परत जायचा होता. नवी खिडकी यायला दोन महिने. चारुताचे तीन वर्षांचे काम माझ्यावर अडले.

तीन दिवस तिने मला मऊ कापडावर घासले. सुदाम तोंडाला रुमाल बांधून दाराशी उभा असे. सातव्या दिवशी झुबका थरथरला आणि संगणकाच्या पडद्यावरच्या रेषेत तीन वर्षे शोधलेला खळगा पडला. “मिळाला!” चारुता म्हणाली. सुदामने रुमाल काढला आणि पोटभर श्वास घेतला, बाहेर जाऊन.

आता चारुता परदेशी आहे. माझ्या जागी नवी, पाण्याला न भिणारी खिडकी आली. मी कोरड्या डब्यात असते. कडेला सुदामच्या बोटाची पुसट रेघ अजून आहे.

यंदाच्या खंडेनवमीला डबा खडखडला.

“आत नाय लावत गो,” सुदाम म्हणाला. “झाकनावर लावतो.”

मित्रांनो, नाजूक वस्तूंना जरूर जपा, हात लावू नका. पण डब्यात कोणी आहे हे विसरू नका. वर्षातून एकदा झाकण वाजवले, तरी पुरते.