देवीदासनं लिहिलेला माफीनामा

देवीदास कळंबेच्या तेरवीला मी सकाळच्या बसनं पांढुर्ण्याहून सौंसरला निघालो तेव्हा दुःखात होतो. परत आलो तो रागात, आणि तो राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये असं जो तो सांगतो. सांगणाऱ्याचं काय जातं!

आमची दोस्ती सौंसरच्या शाळेतली. मी रामाकोन्याचा, तो सौंसरचाच. पुढे तो हिंदीचा मास्तर झाला आणि मी पांढुर्ण्यात फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं, पण जाणं-येणं कधी तुटलं नाही. त्याच्या मुलाचा, अंकुरचा फोन आला, "काका, बाबांच्या सभेत तुम्ही दोन शब्द बोला." मी लगेच हो म्हणालो. बोलायला माझ्याजवळ एक हुकमी किस्सा होता. लग्नात, साक्षगंधात, दुकानात गिऱ्हाइकापुढे, कुठेही तो सांगितला की लोक पोट धरून हसायचे.

किस्सा असा. नववीत आम्हाला नरसिंहपूरकडचे एक सर हिंदी शिकवायला आले. पोट पुढे, मान मागे, आणि प्रत्येक वाक्याआधी एक लांबलचक "हाँ, तो". मी त्यांची नक्कल अशी करायचो की पोरं बाकावरून खाली यायची. एक दिवस मी फळ्यापुढे उभा राहून "हाँ, तो" करत असताना सर दारात उभे. त्यांनी मारलं नाही. एवढंच म्हणाले, "कल माफ़ीनामा लिखकर लाओ।"

वेळ मात्र वाईट होती. छिंदवाड्याच्या सरकारी वसतिगृहात आमच्या शाळेतल्या एकाच मुलाला जागा मिळणार होती, आणि नाव पाठवायचं होतं याच सरांनी. गणितात मी पहिला, हिंदीत देवीदास. बेरीज केली तर मी चार मार्कांनी पुढे. त्यामुळे माफीनामा चांगला व्हायला हवा होता, आणि माझी हिंदी म्हणजे मराठीच्या शेवटी "है" लावायचं. मी देवीदासला गाठलं. त्यानं लिंबाखाली बसून, टपोऱ्या अक्षरात, अर्ध्या तासात लिहून दिला. मी खाली सही ठोकली.

सरांनी तो भर वर्गात वाचला. "मैं वचन देता हूँ कि आज से कक्षा में कभी चेष्टा नहीं करूँगा।" इथे ते थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "कभी नहीं करोगे?"

मला वाटलं, खूश झाले. मी छाती काढून ओरडलो, "कभी नहीं, सर! माँ की कसम!"

"तो छिंदवाड़ा जाकर क्या करोगे?" सर म्हणाले, आणि नाव देवीदासचं गेलं.

आपल्याकडे चेष्टा म्हणजे टिंगल. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आज से कभी प्रयत्न नहीं करूँगा, असं मी आईची शपथ घेऊन सांगितलं होतं! हे मला कळलं दोन महिन्यांनी. देवीदास दिवाळीच्या सुटीत आला तेव्हा मी त्याला सांगितलं, तर त्यानं कपाळावर हात मारला. "आईशप्पत मोऱ्या, मलेही नव्हतं माहीत बाप्पा!" मग आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तो सुशिक्षित झाला, मी नाही झालो, पण दोघंही सारखेच येडे होतो, या एका गोष्टीवर मी जन्मभर खूश राहिलो.

सभा समाजाच्या हॉलमध्ये होती. फोटो, हार, उदबत्ती. हॉल त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनी भरला होता. मी पहिल्या रांगेत. माझ्या आधी अपर्णा नावाची त्याची एक विद्यार्थिनी उठली. ती आता बोरगावला शिकवते.

"सर दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर एकच शब्द लिहायचे," ती म्हणाली, आणि मागे कुठेकुठे हसू फुटलं. "चेष्टा. मग सांगायचे, नववीत मी एका मित्राचा माफीनामा लिहिला. मला दोन्ही अर्थ माहीत होते, त्याला एकच. वसतिगृहाची जागा मला मिळाली. म्हणून पोरांनो, भाषा नीट शिका. नाहीतर शिकलेला माणूस तुमच्याकडून कशावरही सही घेईल."

हॉल हसला. डोळे पुसत पुसत हसला. सगळ्यांना माहीत होतं! तीस वर्षांच्या तुकड्याच्या तुकड्या तो किस्सा ऐकून पास झाल्या होत्या. न ऐकलेला माणूस मी एकटाच होतो.

"मित्राचं नाव सर कधी सांगत नसत," अपर्णा म्हणाली. "एवढंच म्हणत, सोन्यासारखा माणूस आहे."

मग अंकुरनं माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर उभा राहिलो. हुकमी किस्सा ओठांवर तयार होता, तो गिळला. म्हणालो, "देवीदासची हिंदी लहानपणापासून पक्की होती." आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. कोणीतरी पाणी आणून दिलं.

जेवायच्या आधी त्याची बायको, पुष्पावहिनी, मागच्या दारी एकटी सापडली. मी विचारलं, "वहिनी, तुमाले माहीत होतं?"

काय, असं तिनं विचारलं नाही. पदर नीट करत म्हणाली, "दरसाल म्हणत ते, यंदा मोरेश्वरले सांगतोच. पण तुमी यायचे अन् जेवता जेवता सोताच तो किस्सा सांगून इतके हासत, का त्याईची हिंमतच नाही झाली, भाऊ."

"पोरांपुढं बरी हिंमत होत होती!"

"तिथं ते तुमचे पायच धरून राहिले होते, असं समजा."

"माये पाय पांढुर्ण्यात होते, वहिनी. बस रोज धावते."

ती रडायला लागली. मला तेव्हाही दया आली नाही, हे खरंच सांगतो. मी न जेवता निघालो. तेरवीच्या घरून असं उपाशी उठू नये, तेही मला माहीत आहे.

वसतिगृहाचं मला काही वाटत नाही. दुकान बरं चाललं, पोरं मार्गी लागली. पण त्यानं तोंडानं सांगितलं असतं, तर मी भर चौकात त्याला दोन ठेवून दिल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या, दोन वर्षं तोंड पाहिलं नसतं. आणि तिसऱ्या वर्षी आपणहून त्याच्या दारात जाऊन म्हटलं असतं, "चहा टाक बे." एवढंच होणार होतं, हे त्याला कळत नव्हतं का? भांडणाच्या भीतीनं त्यानं मला पंचेचाळीस वर्षं हसू दिलं. आता भांडणाचा पहिलाच दिवस चालू आहे, आणि समोर कोणी नाही.