नाव न घेतलेली पाहुणी

मी, एलाय, पक्का थापाड्या आहे, हे आमच्या गनेट खाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आता इथे शेंबडं पोरही उरलेलं नाही, म्हणून ते माझं मलाच सांगावं लागतं.

एकतीस घरं आहेत, आणि धूर निघतो तो एका चिमणीतून. आधी मासळी गेली, मग शाळा गेली, आणि शेवटी सरकारने पैसे देऊन उरलेल्या माणसांना शहराकडे हलवलं. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर अशी गावं पुष्कळ आहेत. मी का राहिलो ते विचारू नका, मी काहीतरी ठोकून देईन. माझी बायको तर त्याच्याही आधी देवाघरी गेली. तिचं नाव मात्र मी या गोष्टीत घेणार नाही. का, ते शेवटी कळेल.

टेकडीवर चढलं की मोबाईलला रेंज येते. तिथून दर रविवारी मी माझ्या नातीला, डेल्सीला, फोन करायचो. सहा वर्षांची पोर, मला पॉप म्हणते. तिला गोष्ट हवी असायची आणि माझ्याजवळ गावाशिवाय दुसरी गोष्ट नव्हती. मग मी सांगायचो: ट्रायफेना काकू होडीच्या एका टोकाला बसली की दुसऱ्या टोकाला बसलेल्याला टेकडीपलीकडचं दिसायचं. मास्तरीण मिस पिटमनचा आवाज इतका धारदार की पोरं त्याच्यावर पेन्सिली तासायची. अझराया काकाने आपलं अख्खं घर पिंपांना बांधलं आणि समुद्रातून ओढत दुसऱ्या किनाऱ्यावर नेलं, चुलीवरच्या किटलीतला थेंब सांडला नाही. (यातली घर ओढल्याची गोष्ट शपथेवर खरी आहे. नेमकी तीच कुणाला पटत नाही.) आणि ही सगळी मंडळी दर ख्रिसमसला आपल्याकडे जेवायला असतात, असंही मी सांगून बसलो. ट्रायफेना आता टेकडीमागच्या दफनभूमीत आहे, अझराया वृद्धाश्रमात आणि मास्तरीण तिच्या भाचीकडे, हे सांगायचं राहून गेलं. राहून कसलं गेलं, सांगवलं नाही.

यंदा माझ्या लेकीला, वेल्डाला, रुग्णालयात ऐन सणाची ड्यूटी लागली. शेजारच्या बंदरातल्या गार्लंडच्या बोटीतून तिने डेल्सीला आणून धक्क्यावर सोडलं.

"बाबा, चारच दिवस," ती म्हणाली. "पण हिला इथे एकटं वाटलं ना, तर पुन्हा आणणार नाही. सांगून ठेवते. न्यायला येईन तेव्हा रडवेलं तोंड नकोय मला."

"एकटं? अगं, इथे पाय ठेवायला जागा नसते!"

वेल्डाने माझ्या खांद्यावरून तीस बंद घरांकडे पाहिलं. "हो, दिसतंय ना," ती म्हणाली आणि बोटीत बसली.

घराकडे चढताना डेल्सीने विचारलं, "पॉप, बाकी कुणाच्या चिमणीतून धूर का येत नाही?"

"थंडी बघ ना किती! धूर चिमणीतच गोठतो. मार्चमध्ये करवतीने कापून काढतात आणि पुढच्या वर्षी तोच जाळतात."

"मग आपला कसा नाही गोठला?"

"मी चुलीत मिरी टाकतो."

तिने माझ्याकडे तिरकं पाहिलं. बायको अगदी अशीच पाहायची. थाप कळली आहे, पण तूर्तास जमा करून ठेवते.

सणाच्या आदल्या संध्याकाळी मी तिला ममरांचं सांगितलं. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवसापासून बारा दिवस आमच्याकडे लोक सोंगं घेऊन घरोघर हिंडतात. तोंडावर उशीचा अभ्रा, बाप्यांच्या अंगात बायकांचे झगे, पाठीला गादीचं कुबड. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं. घरधन्याने ओळखायचं. नाव बरोबर आलं की सोंगाने चेहरा उघडायचा, खाऊन-पिऊन पुढच्या घरी चालू लागायचं.

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर नाही ओळखलं. चेहरा झाकलेलाच राहतो. सोंग बसून राहतं."

सणाच्या दिवशी मी पहाटेच चूल पेटवली. खारवलेलं मांस रात्रभर भिजत होतं. ते उकळत ठेवलं, त्याच पातेल्यात कोबी, सलगम, गाजरं, बटाटे सोडले, आणि वाटाण्याची डाळ फडक्यात बांधून मध्ये लोंबकळत ठेवली. दुसऱ्या फडक्यात मनुकांचं पुडिंग. हे जेवण थोडं करताच येत नाही. निदान मला येत नाही. टेबलावर पाच ताटं मांडली आणि एक वाजता आम्ही दोघं बसलो.

"ट्रायफेना काकू कुठेय?"

"दारातून आत शिरेना. दार रुंद करायला सुतार बोलावलाय."

"अझराया काका?"

"घर घेऊन येतोय. वारा उलटा आहे, वेळ लागणार."

"आणि मास्तरीणबाई?"

पासष्ट वर्षांत पहिल्यांदा थाप मारायची सोडून मी डाळ वाढू लागलो.

"मी बोलावून आणते," असं म्हणत डेल्सीने बूट घातले. मी थांबवायला हवं होतं. थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि मी बसून राहिलो.

खिडकीतून दिसत होतं. बर्फात गुडघाभर रुतत ती ट्रायफेनाच्या दाराशी गेली. दार वाजवलं. मग खिडकीवरचं बर्फ पुसून काचेला नाक लावलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. पुढे अझरायाच्या जागेपाशी गेली. तिथे नुसते पायाचे दगड आहेत, घर खरोखरच गेलेलं आहे. त्या दगडांवर एकदा बसली, उठली, आणि टेकडीआड दिसेनाशी झाली. माझ्या ताटातल्या कोबीवर चरबी गोठली. मी मनात वेल्डाचं बोलणं ऐकत होतो. संपलं, म्हटलं. एवढी एकच येणारी होती.

मागचं दार कुरकुरलं. आतल्या खोलीत पेटी उघडल्याचा आवाज झाला. मग मागचं दार पुन्हा कुरकुरलं आणि थोड्या वेळाने पुढच्या दारावर थाप पडली.

दारात तीन फुटी सोंग होतं. डोक्यावर अभ्रा, पोटावर दोन उशा, खाली लाल बूट.

"ममर येऊ का घरात?" श्वास आत ओढत सोंग म्हणालं.

"एक दिवस आधी आलात की हो," मी म्हटलं. "कोण बरं हे? हं... ट्रायफेना काकू! केवढी आटलीस गं! मिठात ठेवली होती की काय कुणी?"

अभ्रा हलला. सोंगाने तो नाकापर्यंत वर उचलला, ट्रायफेनाच्या ताटातला एक बटाटा तोंडात कोंबला, आणि उशा सावरत दारातून बाहेर.

पुन्हा थाप. आता अंगात माझा तेलकट कोट, हातात किटली. "अझराया! घर कुठे बांधलंस रे?" "धक्क्याला," सोंग म्हणालं. गाजर खाल्लं, गेलं. तिसऱ्यांदा लाकडी पट्टी हातात, आणि आवाज असा की खरंच पेन्सिल तासून निघाली असती: "एलाय, डाळ सांडतोस! हात पुढे कर!" मी हात पुढे केला. "मास्तरीणबाई, चुकलो." पट्टी बसली. खरीच बसली.

किती वर्षांनी मी त्या घरात मोठ्याने हसलो. तीन ताटं उष्टी झाली होती. माझी थाप एका मुलीने माझ्याहून नीट उभी केली होती.

मग चौथ्यांदा थाप पडली. मी पाहुणे तीनच सांगितले होते.

दारात हिरवा कोट उभा होता. पेटीच्या तळातला, डांबरगोळ्यांचा वास येणारा, जमिनीवर लोळणारा. डोक्यावर अभ्रा आणि वरून लोकरीची टोपी, एका बाजूला कललेली. बायको टोपी तशीच घालायची. पोरीला हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. मोठी टोपी लहान डोक्यावर कलणारच. मला कळतं ते.

"ओळखा," सोंग म्हणालं.

नाव जिभेवर होतं. चार वर्षांत मोठ्याने घेतलं नव्हतं. पण नाव घेतलं की चेहरा उघडायचा, आणि मग पाहुण्याने जायचं.

"गार्लंड," मी म्हटलं.

सोंगाने मान हलवली. नाही.

"पाद्री? टपालवाला? लाइटहाउसवाल्याची म्हैस?"

"पॉप, म्हशी नसतात इथे," सोंग श्वास आत ओढायला विसरून म्हणालं. मग हळू आवाजात, "तुला खरंच कळत नाहीये का?"

"नाही बुवा. म्हातारा झालो. बसा. ओळखेपर्यंत बसा."

मी कपाटातून निळ्या काठाचं सहावं ताट काढलं. हिरवा कोट माझ्यासमोर बसला. मी पुडिंग वाढलं, वरून पाक ओतला. अभ्र्याखालून चमचा आत जात होता. खिडकीत उजेड होता तोवर मी अधूनमधून चुकीचं नाव घेत होतो, आणि टोपी हलत होती. नाही. नाही.

सत्तावीस तारखेला वेल्डा आली. धक्क्यावर गुडघ्यावर बसून तिने पोरीची हनुवटी वर केली. "खरं सांग. एकटं वाटलं?"

"एकटं?" डेल्सी म्हणाली. "बसायला जागा नव्हती, मम्मी! ट्रायफेना काकूने दोन खुर्च्या अडवल्या. अर्धं जेवण मी उभ्याने जेवले." मग माझ्याकडे तिरकं पाहिलं. "पुढच्या वर्षी आणखी खुर्च्या लागतील."

वेल्डा माझ्याकडे पाहत राहिली. मी समुद्राकडे पाहिलं.

बोट भूशिराआड गेल्यावर मी वर आलो. पाच ताटं धुऊन कपाटात ठेवली, सहावं टेबलावरच राहू दिलं. हिरवा कोट खुर्चीच्या पाठीवर आहे, त्यावर अभ्रा, वर टोपी. आता फेब्रुवारी लागला, अजून तसाच आहे.

रोज जेवायला बसलो की मी एक चुकीचं नाव घेतो. गावातली सगळी संपली. आता शेजारच्या बंदरातली चालू आहेत.