नव्या बर्फाची मोजणी

डाव्या गालावर एकोणीस, उजव्यावर चौदा, कपाळावर अकरा आणि हनुवटीवर सहा. राग्नानं आरशात बघत पुन्हा एकदा मोजलं, या वेळी उलट्या बाजूनं, आणि बेरीज तीच आली. पन्नास. कानाजवळची एक अजून लाल झाली नव्हती, नुसती बोटाला लागत होती. ती तिनं धरली नाही. लाल झाल्याशिवाय पुटकुळी धरायची नाही हा नियम पहिल्याच रविवारी ठरला होता, आणि नियम मध्येच बदलला की आकड्यांना अर्थ उरत नाही.

"राग्ना! आत लग्नाची तयारी चाललीय का?" बाबांनी दारावर थाप मारली.

"दोन मिनिटं!"

"तुझी दोन मिनिटं माहीत आहेत मला. ती मोजायला कॅलेंडर लागतं."

तिनं ट्यूबमधून वाटाण्याएवढं जेल बोटावर घेतलं, मग ते रात्री लावायचं असतं हे आठवून स्वतःवरच चिडली आणि बोट पुसलं. पुसलं ते नेमकं निळ्या टॉवेलला. या जेलनं कापडाचा रंग उडतो. घरातल्या सहा निळ्या टॉवेलांपैकी चारांवर आधीच केशरी डाग होते, आणि तिला नेमून दिलेला पांढरा टॉवेल तिथेच खुंटीवर लटकत होता.

खोलीत येऊन तिनं सरावाची वही उघडली. स्की संघातल्या सगळ्यांकडेच अशी वही असे: सकाळची नाडी, झोपेचे तास, किती किलोमीटर. जानेवारीत राग्नानं तिच्यात एक बिनमथळ्याचा रकाना वाढवला होता. छत्तीस, एकेचाळीस, अठ्ठेचाळीस, बावन्न, त्रेपन्न, एक्कावन्न. आज पन्नास. वहीच्या शेवटच्या पानांवर चेहऱ्याची बाह्यरेषा काढून तिनं प्रत्येक पुटकुळीची जागा टिंबानं दाखवली होती आणि शेजारी ती उगवल्याची तारीख बारीक अक्षरात लिहिली होती.

त्रेपन्नावरून पन्नास. उतरलं म्हणावं तर मोजण्यातली चूकच दोन-तीनची असते. डॉक्टर टुरिड म्हणाली होती, सुरुवातीला वाढल्यासारखं दिसेल, बारा आठवडे धीर धर. सहा झाले होते. कातडी मात्र नाकाच्या दोन्ही बाजूंना जुन्या भिंतीच्या रंगासारखी पोपडे धरून सुटत होती.

थंडी उणे दहाच्या आसपास गेली की संघातल्या मुली गालांवर कापडी चिकटपट्टी लावत, वारा चावू नये म्हणून. राग्ना उणे दोनलाही लावायची. तिनं पट्टीचे दोन मोठे तुकडे स्वतः कापून बसवले होते, डोळ्याखालून जबड्यापर्यंत. डावीकडच्या एकोणीसपैकी सोळा त्याखाली जात, उजवीकडच्या चौदापैकी बारा.

"आज उणे दोन आहे," मंगळवारी सरावाला निघताना संघातली सुनिव्हा म्हणाली. तिचा चेहरा धुतलेल्या बशीसारखा होता. "हिमदंशाला काय पत्र पाठवून बोलावलंयस?"

"सवय झालीय."

"मग उन्हाळ्यात नदीवर येशील तेव्हाही लाव. मासे तरी घाबरतील."

राग्ना हसली. पट्टीमुळे हसणं अर्ध्यावरच थांबत असे.

सराव संपल्यावर ती मेणाच्या खोलीत शिरली. स्कींना मेण लावायची ही लाकडी खोली मैदानाच्या कडेला होती आणि दुपारी तिथे म्हाताऱ्या ओडवारखेरीज कोणी नसे. तिनं नेहमीसारखी पट्टीची कड नखानं उचलली आणि एका झटक्यात ओढली.

डावी पट्टी कातडी घेऊनच निघाली. अंगठ्याएवढा तुकडा. आधी काहीच झालं नाही, नुसतं गुलाबी, चकचकीत. मग त्यातून पाणी सुटायला लागलं आणि असा जाळ उठला की तिच्या तोंडून सीत्कार निघाला.

ओडवारनं मेण वितळवायची इस्त्री बाजूला ठेवली. "बघू."

तिनं गालावर हात दाबून धरला.

"हात काढ. स्की मोडली असती तर पाठीमागे लपवली असतीस का?"

तिनं हात काढला. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस जन्मभर दुधाचा टँकर चालवून आता संघाच्या स्की सांभाळत होता. त्यानं चष्मा कपाळावर सारून गाल पाहिला. त्याच्या स्वतःच्या गालांवर पावसानं रेतीवर उठावेत तसे खड्डे होते. मग त्यानं एक स्वच्छ फडकं गार पाण्यात बुडवून तिच्या हातात दिलं.

संध्याकाळी राग्नानं डॉक्टर टुरिडला फोन केला.

"पट्टी? या जेलवर? राग्ना, मी तुला उन्हाचं सांगितलं, टॉवेलांचं सांगितलं. पट्टीचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"कागदावर लिहिलंय, केस काढायचं मेण वापरू नका. मी काही केस काढत नव्हते."

"नव्हतीस, बाई. पण या औषधानं वरची कातडी नाजूक होते. मेण काय नि पट्टी काय, ओढलं की येते. चार दिवस जेल बंद. मग एक दिवसाआड, वाटाण्याएवढंच. आणि हा हिवाळा संपेपर्यंत पट्टी नाही. पाणी नसलेलं जाड मलम चोपड."

"शनिवारी रिले आहे."

"ते तुझ्या प्रशिक्षकाला विचार. मी कातडीची डॉक्टर, संघाची नाही."

फोन ठेवल्यावर राग्नाला हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. गाल सोललेला, पट्टी बंद, शनिवारी उणे नऊ. रिले टाळायला यापेक्षा चांगलं कारण शोधून सापडलं नसतं. पण संघात मुली तीनच होत्या: सुनिव्हा, योरून आणि ती. एक गळली की रिले नाही. योरूनचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष होतं आणि मागचे दोन हिवाळे तिसरी मुलगी नाही म्हणून तिचे वाया गेले होते.

"तोंडावर गळपट्टा ओढला तर?" प्रशिक्षक आर्नस्टाइननं विचारलं.

"श्वासानं भिजतो, मग गोठतो. करवतीसारखा घासतो."

"उघड्या जखमेवर वारा लागून गाल गेला, तर तुझ्या आईला मी काय सांगू?" त्यानं डोकं खाजवलं. "ओडवारला दाखव. त्यानं चाळीस वर्षं गोठलेली नाकं बघितलीत. तो हो म्हणाला तर हो. नाही म्हणाला तर मी योरूनला सांगेन, तू नको सांगूस."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती मेणाच्या खोलीत गेली. ओडवारनं तिला खिडकीशी उभं केलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ न्याहाळला.

"धरेल."

"काय?"

"गाल. नवी कातडी आलीय. मलम नीट चोपडलंस तर पाच किलोमीटर सहज धरेल."

राग्ना टेबलावरचे मेणाचे कण बोटानं एका ओळीत लावत राहिली.

"मला वाटलं तू नाही म्हणशील."

"वाटलं, की तुला तसं हवं होतं?"

 ओडवार पुन्हा इस्त्री फिरवू लागला.

"तुझ्याएवढा होतो तेव्हा मला डॉक्टरनं गंधकाचा लेप दिला होता," तो म्हणाला. "सडक्या अंड्यांचा वास. शाळेच्या बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही."

"गुण आला?"

"ऐसपैस बसायला मिळालं ना."

ती खुदकन हसली आणि गाल ताणला गेल्यानं कळवळली. मग तिनं पिशवीतून वही काढून बिनमथळ्याचा रकाना त्याच्यासमोर धरला. आजवर तो कोणालाच दाखवला नव्हता. "सहा आठवडे झाले. छत्तीस होत्या, पन्नास झाल्या. कातडी गेली ती वेगळीच. मी सोडणार आहे ते जेल."

ओडवारनं हात पँटला पुसून पानं उलटली. शेवटच्या पानावर थांबला. "हे ठिपके कसले?"

"कुठली कुठे आली, कधी आली."

"एवढं सगळं लिहिलंस आणि बेरीज एकच केलीस?"

"म्हणजे?"

"उद्याचं मेण मी कशावरून ठरवतो?"

"तापमानावरून. आणि बर्फ नवा की जुना त्यावरून."

"अंगणात एकूण किती बर्फ साठलाय ते मी विचारतो का? तो नोव्हेंबरपासून पडलाय, त्याच्या वेळेनं वितळेल. काल किती पडला ते मला हवं असतं." त्यानं वही मिटून परत दिली. "आता जा. तुझीच स्की उरलीय, आणि तू बोलत बसलीस की मेण गार होतं."

घरी येऊन तिनं ब्रेडवर तपकिरी चीज ठेवलं, ते खायचं विसरून शेवटची पानं समोर पसरली आणि तारखा आठवड्यांनुसार वेगळ्या केल्या. पहिल्या आठवड्यात नव्या सोळा. दुसऱ्यात एकवीस. मग एकोणीस, बारा, आठ. सहाव्यात पाच.

तिनं पुन्हा मोजलं. पाचच.

म्हणजे चेहऱ्यावर जे दिसत होतं ते बहुतेक मागचं होतं. आलेलं जायला वेळ लागतो म्हणून साठलेलं. टुरिडनं हेच सांगितलं होतं कदाचित, पण तिनं आकडे सांगितले नव्हते. राग्नानं पेन्सिल खाली ठेवली. तिचा हात जेलच्या ट्यूबकडे गेला, चार दिवस पुरे व्हायचे होते म्हणून तिनं तो मागे घेतला आणि ब्रेड खाल्ला.

शनिवारी उणे नऊ होतं आणि वायव्येकडून वारा. दुसऱ्या टप्प्याच्या मुली अदलाबदलीच्या पट्ट्यात ओळीनं उभ्या होत्या. बारा जणी. अकरा जणींच्या गालांवर गुलाबी, निळ्या, काळ्या पट्ट्या होत्या. राग्नाचा चेहरा मलमानं तव्यासारखा चमकत होता, आणि त्या चमकेत एकूण एक पुटकुळी ठळक दिसत असणार हे तिला आरशाशिवायही कळत होतं. तिनं मान खाली घातली, स्कीची टोकं पाहिली. मग सुनिव्हा वळणावर कधी दिसेल ते बघायला मान वर करावीच लागली.

शेजारच्या लाल पोशाखातल्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं. बघून नजर वळवली, पुन्हा पाहिलं.

"पट्टी विसरलीस का? माझ्याकडे आहे जास्तीची."

"नको. चालत नाही मला. गालाला औषध चालू आहे, पट्टीबरोबर कातडी निघाली."

"औषध? रात्री लावायचं जेल?" मुलगी सरकून जवळ आली. "रंग उडवणारं?"

"हो."

"माझ्या भावाच्या नव्या उशीचा अभ्रा गेला त्यात. चार दिवस बोलत नव्हता." तिनं आवाज खाली आणला. "दोनच आठवडे झालेत मला. सोललं जातंय नि वर रोज वाढतंय. आजच्यानंतर सोडून देणार आहे."

तिची पट्टी डोळ्याखालून थेट जबड्यापर्यंत होती. उणे नऊला लागते त्याच्या दुप्पट मोठी. राग्नानं ती कड क्षणभर पाहिली.

"पट्टी ओढून काढू नकोस," ती म्हणाली. "कोमट पाण्यानं भिजव, मग आपोआप सुटू दे. आणि मोजतेस का?"

"काय?"

वळणावर सुनिव्हा दिसली. पाचवी, पुढचीच्या पाठीला चिकटून. राग्नानं काठ्यांचे पट्टे मनगटात घट्ट केले.

"पुटकुळ्या. सगळ्या नको मोजूस, फक्त नव्या! आठवड्याला किती!"

"पळ, पळ, गप्पा नंतर मार!" सुनिव्हा धापा टाकत ओरडली आणि तिच्या पाठीवर हात मारला.

पहिल्या चढावर गाल जळला. दुसऱ्या चढावर जळायचा थांबला, बधिर झाला, आणि ते जास्त वाईट असतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती तोंड वाकडंतिकडं करत राहिली, गाल फुगवत, जीभ आतून दाबत. दोरीपलीकडे लोक ओळीनं उभे होते, कोणाच्या गळ्यात गायीची घंटा, कोणाच्या हातात वॉफल. ती त्यांच्याकडे बघत असे विचित्र चेहरे करत गेली की एक आजोबा घंटा वाजवायचेच थांबले. उतारावर तिनं दोघींना मागे टाकलं. योरूनच्या पाठीवर हात मारला तेव्हा संघ तिसरा होता, आणि राग्ना बर्फात आडवी झाली. नाकातून, डोळ्यांतून, तोंडातून जे वाहायचं ते वाहत होतं. आजूबाजूला पडलेल्या सगळ्यांचीच तीच कळा होती.

ओडवार येऊन तिच्या डोक्याशी उभा राहिला. त्याच्या हातात पिस्तुलासारखा छोटा तापमापक होता; सकाळपासून त्या मापकानं तो बर्फाचं तापमान घेत होता.

"ऊठ. आर्नस्टाइनला गालाच्या तापमानाचा आकडा हवाय. दहाच्या खाली असलं तर आत जाऊन शेकत बसायचं. वर असलं तर इथे उभं राहून योरूनला ओरडायचं."

सुनिव्हा धावत आली. लाल पोशाखातली मुलगीही तेवढ्यात आपल्या जोडीदारणीला पाठवून धापा टाकत जवळ येऊन थांबली. कुंपणापलीकडे माणसं होती.

राग्ना उठून बसली. ओडवारनं तापमापक तिच्या डाव्या गालावर, नव्या कातडीच्या तुकड्यावर रोखला.

"चौदा पूर्णांक सहा."

त्यानं तापमापक खाली केला. राग्नानं टोपी काढली, कपाळावरचे ओले केस मागे सारले आणि कोणी सांगायच्या आत चेहरा दुसऱ्या बाजूला वळवून धरला.

"सोळा पूर्णांक दोन."